जुन्या कॅमेऱ्यात राहून गेलेला रोल धुताना

जुना कॅमेरा हाती लागला की पहिला मोह होतो तो मागचं झाकण उघडून आत डोकावण्याचा. तेवढं मात्र करू नका. आत रोल असला तर त्या एका क्षणाच्या उजेडात निदान काही फोटो कायमचे जातील, आणि नेमके कुठले गेले ते कुणालाच कळणार नाही.

गोव्यात असे प्रसंग बरेच येतात. चवथीच्या आधी माळा झाडायला घेतला किंवा वाटण्या होऊन घर रिकामं करायची वेळ आली की तांब्यापितळेच्या भांड्यांमागून चामड्याच्या कव्हरातला कॅमेरा निघतो. पोर्तुगीज अमदानीत इथे परदेशी माल सहज मिळे, म्हणून काही घरांत जर्मन बनावटीचे कॅमेरे होते. पुढे बडोद्यात तयार होणारे आगफाचे क्लिक थ्री आणि आयसोली आले. आखातात नोकरीला गेलेल्यांनी आणि बोटीवरच्या मंडळींनी याशिका, कॅनन आणले. यातल्या काहींमध्ये शेवटचा रोल तसाच राहिलेला असतो. बारांपैकी आठ फोटो काढून झाले, बाकीचे पुढच्या लग्नात काढू म्हणून कॅमेरा कपाटात गेला, आणि नंतर तो कुणी बाहेर काढलाच नाही.

असा रोल तीस-चाळीस वर्षांनी, अगदी साठ वर्षांनीसुद्धा धुता येतो. दरवेळी फोटो मिळतातच असं नाही, आणि मिळाले तरी ते क्वचितच स्वच्छ असतात. पण डब्यावरची मुदतीची तारीख बघून ‘आता यात काय उरलंय’ म्हणत रोल कचऱ्यात टाकणारे लोक भेटतात, तेव्हा जीव तुटतो. ती तारीख कोऱ्या रोलसाठी असते: एवढ्या काळात हा वापरला तर कंपनीने सांगितल्यासारखे फोटो येतील, इतकाच तिचा अर्थ. आपल्या हातातल्या रोलवरचे फोटो तर रोल ताजा असतानाच काढून झाले आहेत. ते वाचवायचे कसे, हा आपल्यापुढचा प्रश्न आहे.

आधी आत रोल आहे का ते झाकण न उघडता बघू. ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यात बहुधा वर डाव्या हाताला रोल गुंडाळायची खुंटी असते. ती बाणाच्या दिशेने अगदी हलकेच फिरवा. सहज गरगर फिरली तर कॅमेरा बहुधा रिकामा आहे, अडली तर आत फिल्म ताणलेली आहे. क्लिक थ्रीसारख्या मोठ्या रोलच्या कॅमेऱ्याला पाठीमागे छोटी लाल खिडकी असते. तिच्यात आकडा दिसला तर रोल आहे, आणि कितव्या फोटोवर कॅमेरा थांबला होता तेही तिथेच कळतं. आकडा वहीत लिहून ठेवा आणि खिडकीवर काळी चिकटपट्टी लावा.

झाकण आधीच कुणी उघडून बंद केलं असेल तरी आशा सोडू नका. फिल्म घट्ट गुंडाळलेली असते, त्यामुळे उजेड वरच्या वेढ्यांना आणि कडांना लागतो. आतले वेढे बऱ्याचदा वाचतात. मोठ्या रोलला तर पाठीला काळ्या कागदाची साथ असते.

आता फिल्मवर नक्की असतं काय, ते समजून घेऊ. हे कळलं की पुढची प्रत्येक पायरी आपोआप उमगते.

प्लास्टिकच्या पट्टीवर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्या थरात चांदीच्या क्षारांचे असंख्य बारीक स्फटिक पसरलेले असतात. शटर उघडतं, उजेड स्फटिकावर पडतो आणि क्षारातल्या चांदीचे मोजके अणू सुटे होऊन एका जागी गोळा होतात. चार-पाच अणूंचा पुंजका झाला तरी पुरतो. फोटो निघाला तो तेव्हाच. फक्त तो डोळ्यांना दिसत नाही. पुढे डेव्हलपर या रसायनात फिल्म गेली की ज्या स्फटिकावर असा पुंजका आहे तो अख्खा स्फटिक काळ्या चांदीत बदलतो. ज्याच्यावर पुंजका नाही तो तसाच राहतो आणि शेवटी हायपो या दुसऱ्या रसायनात विरघळून जातो. चमचाभर विरजणाने पातेलंभर दूध लागावं, तसंच हे. आणि विरजण लावलं नाही तरी एप्रिल-मेच्या उकाड्यात दूध बाहेर राहिलं की ते आपलं आपण नासतंच.

फिल्मच्या बाबतीत या नासण्याला फॉग म्हणतात. उष्णतेने, जमिनीतून आणि आकाशातून सतत येणाऱ्या सूक्ष्म किरणोत्सर्गाने, कधी कागदातल्या किंवा हवेतल्या रसायनांनी, उजेड न लागलेल्या स्फटिकांवरही चांदीचे पुंजके तयार होत राहतात. डेव्हलपरला खरा पुंजका आणि हा नासका पुंजका यांतला फरक फारसा कळत नाही. तो दोन्ही काळे करतो. मग सगळ्या निगेटिव्हवर करड्या रंगाचा पडदा चढतो आणि फोटो त्याच्यामागे राहतो.

दुसरं नुकसान याच्या उलट दिशेने होतं. हवेतला प्राणवायू आणि ओल मिळून खरे पुंजकेही हळूहळू खाऊन टाकतात. मोठे पुंजके टिकतात, इवलेसे आधी जातात. म्हणजे जिथे भरपूर उजेड पडला होता, आकाश, चुन्याची भिंत, पांढरं धोतर, ते उरतं. सावलीतलं सगळं विरतं. साठ वर्षांपूर्वीच्या रोलमध्ये पदर स्पष्ट दिसतो आणि पदराखालचा चेहरा सापडत नाही, त्याचं कारण हे.

उष्णता आणि ओल हे दोन्ही शत्रू गोव्यात मुबलक आहेत. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. जुलैत बंद कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, तर जिलेटिनची काय कथा! जिलेटिन जनावरांच्या हाडाकातड्यांपासून काढतात, बुरशीला ते खाद्यच आहे. तिचे धागे थरात शिरले की निगेटिव्हवर जाळीसारख्या नक्ष्या उमटतात आणि त्या जागचा फोटो गेलेलाच असतो.

याउलट थंडी काय करते याचा एक दाखला प्रत्येक फिल्म धुणाऱ्याने लक्षात ठेवावा असा आहे. १८९७ साली स्वीडनचा सालोमन आंद्रे दोन सोबत्यांसह बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघाला. बलून बर्फावर उतरलं, तिघेही परतीच्या वाटेवर मेले. १९३० साली क्वितोया या ध्रुवीय बेटावर त्यांचा तळ सापडला, आणि त्यात निल्स स्ट्रिंडबर्गने काढलेल्या फोटोंची फिल्मही. तेहतीस वर्षं बर्फात पडलेली ती फिल्म स्टॉकहोममध्ये जॉन हर्ट्झबर्गने धुतली आणि सुमारे २४० पैकी ९३ फोटो वाचले. बर्फावर कलंडलेलं बलून आणि शेजारी उभी माणसं आजही त्यांत दिसतात. फोंड्याच्या माळ्यावर तेहतीस पावसाळे काढलेल्या रोलकडून एवढी अपेक्षा धरता येत नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं: असा रोल सापडला की ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हणून तो परत त्याच कपाटात ठेवू नका. तो इतकी वर्षं टिकला म्हणून आणखी एक पावसाळा सहज टिकेल, हा हिशोब चुकीचा आहे. लगेच धुणं जमत नसेल तर कॅमेऱ्यातून काढलेला रोल हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घालून फ्रिजमध्ये ठेवा. धुवायच्या दिवशी डबा बाहेर काढून न उघडता काही तास तसाच राहू द्या. थंड फिल्मला आपली दमट हवा लागली तर तिच्यावर पाणी धरतं.

आता रोल कसा काढायचा. ३५ मिलिमीटरचा असेल तर कॅमेऱ्याच्या तळाचं बटण दाबून खुंटी बाणाच्या दिशेने फिरवत फिल्म डबीत परत घ्यायची असते. पण जुनी फिल्म ठिसूळ होते. खुंटीने जोर मागितला तर तिथेच थांबा, नाहीतर भोकं फाटतील. मग पूर्ण अंधारात झाकण उघडून फिल्म हातानेच सोडवावी लागते. अंधार म्हणजे खरोखर मिट्ट. आपल्या जुन्या घरांत कौलांमध्ये उजेडासाठी काचेची कौलं बसवलेली असतात, ती चांदण्या रात्री दगा देतात. रात्री आतल्या खोलीत जा, दाराखालच्या फटीला चादर लावा आणि पाच-दहा मिनिटं नुसतं बसून राहा. डोळे सरावल्यावरही आपला हात आपल्याला दिसता कामा नये. दोन्ही हात घालायची काळी चेंजिंग बॅग मिळते तीही चांगली, फक्त उन्हाळ्यात तिच्यात हातांना घाम सुटतो, आतली हवा दमट होते आणि धुण्यासाठी फिल्म ज्यावर चढवतात त्या प्लास्टिकच्या रिळावर ती चिकटून बसते. आपल्या हवेत मी स्टीलचं रीळ पसंत करतो.

डबीवरचं किंवा कागदावरचं नाव वाचणं ही यातली सगळ्यात मोलाची पायरी, कारण धुण्याची पद्धत त्यावर ठरते. साधा ब्लॅक अँड व्हाइट रोल असेल तर नशीब समजा. आगफा, इल्फर्ड, पूर्व जर्मनीची ओर्वो, उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा इंदू, यांपैकी कुठलाही असो, मूळ रसायन एकच आहे. कोडॅकची १९५६ साली आलेली व्हेरिक्रोम पॅन तर न धुतलेला फोटो वर्षानुवर्षं धरून ठेवण्यासाठी प्रसिद्धच आहे. कमी वेगाची, म्हणजे जास्त उजेड मागणारी फिल्म जास्त टिकते, हेही ध्यानात ठेवा. १०० किंवा १२५ च्या फिल्ममधले स्फटिक बारीक असतात, ४०० च्या फिल्ममधले मोठे. मोठ्या स्फटिकाला किरणोत्सर्ग लवकर लागतो, त्यामुळे वेगवान फिल्म लवकर फॉग होते. जुन्या घरगुती कॅमेऱ्यांत बहुधा मंद फिल्मच घालत, ही आपल्या पथ्यावर पडणारी गोष्ट.

रंगीत रोलचं जास्त अवघड आहे. डबीवर ‘सी-४१’ असं छापलेलं असेल तर तो १९७२ नंतरचा, आणि ती पद्धत आजही लॅबमध्ये चालते. त्याआधीच्या कोडॅकच्या रंगीत निगेटिव्ह फिल्म सी-२२ पद्धतीच्या. त्या कमी तापमानात धुण्यासाठी बनवलेल्या होत्या. सी-४१ चं डेव्हलपर ३८ अंशांचं असतं, त्यात त्यांचा थर मऊ पडून पट्टीवरून सुटू शकतो आणि लॅबचं रसायनही नासतं. ओर्वोच्या जुन्या रंगीत फिल्मचीही पद्धत निराळी. कोडॅकची कोडाक्रोम ही रंगीत स्लाइडची फिल्म तर आणखीच वेगळी. तिच्यात रंग तयार करणारी द्रव्यं नव्हतीच, ती धुताना घालावी लागत. हे काम करणारी जगातली शेवटची लॅब, अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स गावची ड्वेन्स फोटो, हिने ३० डिसेंबर २०१० नंतर रोल घेणं बंद केलं. साठ-सत्तरच्या दशकांत हणजूण-कळंगुटला येऊन राहिलेल्या परदेशी पाहुण्यांच्या मागे राहिलेल्या सामानात कधी कोडाक्रोम निघते. तिच्यातले रंग आता कुठल्याही नेहमीच्या लॅबला आणता येत नाहीत.

तरी फोटो आणता येतो, आणि त्याची युक्ती साधी आहे: रंगीत फिल्म ब्लॅक अँड व्हाइट म्हणून धुवायची. रंगीत फिल्ममध्येही फोटो आधी चांदीवरच उमटतो, रंग नंतर त्या चांदीच्या आधाराने तयार होतात. पंचवीस-तीस वर्षं दमटात राहिलेल्या सी-४१ रोलबाबतही मी हाच सल्ला देतो. त्यातले तीन रंगांचे थर वेगवेगळ्या वेगाने बिघडलेले असतात, रंगीत धुतला तर चिखलासारखा काहीतरी रंग हाती येतो. रोल दहा-पंधरा वर्षांचाच असेल आणि कपाट बऱ्यापैकी कोरडं असेल, तर मात्र रंगीत धुण्याचा धोका पत्करावा. हा निर्णय रोल धुण्याच्या टाकीत घालण्याआधीच घ्यायचा. एकदा ब्लॅक अँड व्हाइट धुऊन झाला की रंगांचा विषय संपला.

एक सावधगिरी इथेच सांगतो. पन्नासच्या दशकाआधीची फिल्म नायट्रेट या प्लास्टिकची असू शकते, ती भराभर पेट घेते. दिव्यापासून, चुलीपासून लांब ठेवा आणि जाणकाराच्या हाती द्या. डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर अॅसिटेट या प्लास्टिकची पट्टी कुजायला लागली आहे, तिला फार दिवस उरलेले नाहीत.

इंटरनेटवर एक नियम सगळीकडे वाचायला मिळतो: दर दहा वर्षांमागे फिल्मला दुप्पट उजेड द्या. नियम बरा आहे, पण तो जुना कोरा रोल आज कॅमेऱ्यात घालून फोटो काढणाऱ्यांसाठी. आपल्या रोलला उजेड देऊन झालेला आहे. त्या नियमाचं भाषांतर करून काहीजण सापडलेला रोल डेव्हलपरमध्ये दुप्पट-तिप्पट वेळ ठेवतात. त्याने फोटोबरोबर फॉगही वाढतो, आणि बऱ्याचदा फॉगच पुढे जातो. फोटो वर यावा आणि फॉग मागे राहावा, एवढ्या एकाच गोष्टीसाठी पुढची सगळी खटपट असते.

त्यासाठी डेव्हलपर जोमदार हवं आणि वेळ कमी हवा. कोडॅकचं एचसी-११० या कामाला अनेकजण वापरतात, मीही. एक भाग रसायन, एकतीस भाग पाणी, २० अंश तापमान आणि सहा-सात मिनिटांपासून सुरुवात. त्यात बेंझोट्रायाझोल नावाचं रसायन किंचित घालतात. त्याचं एक टक्क्याचं द्रावण लिटरभर डेव्हलपरला दहा-पंधरा मिलिलिटर पुरे. ते अशक्त पुंजक्यांना मागे खेचतं, म्हणजे फॉग उशिरा उठतो. जास्त झालं तर फोटोतलंही नाजूक काम मरतं, म्हणून हात आखडता. रॉडिनल नावाचं डेव्हलपर अगदी पातळ करून त्यात फिल्म तासभर न हलवता ठेवण्याची पद्धतही लोकप्रिय आहे. नव्या फिल्मला ती छान, पण फॉग झालेल्या जुन्या रोलला तासभर रसायनात ठेवणं मला पटत नाही.

तापमानाचं गोव्यात वेगळं प्रकरण आहे. इथे नळाचं पाणी बहुतेक वर्षभर २६-२८ अंशांच्या घरात असतं. त्या गरमीत डेव्हलपर पिसाळल्यासारखं धावतं, फॉग उसळतो आणि आधीच दुबळं झालेलं जिलेटिन फुगतं. मोठ्या टोपात पाणी घेऊन त्यात बर्फाचे खडे टाकायचे, डेव्हलपर, त्याचं काम थांबवणारं स्टॉप बाथ आणि हायपो यांच्या बाटल्या त्यात उभ्या करायच्या आणि थर्मामीटरवर २० अंश दिसेपर्यंत थांबायचं. धुवायचं पाणीही त्याच टोपातलं. डेव्हलपर २० अंशांचं आणि शेवटचं पाणी थेट नळाचं, असं केलं तर जिलेटिनचा थर आकसतो-फुगतो आणि त्यावर बारीक सुरकुत्या पडतात.

पूर्ण रोल टाकीत घालण्याआधी तुकडा कापून बघा. अर्धवट राहिलेल्या रोलचा शेवटचा भाग कोरा असतो, कारण तिथपर्यंत कुणी पोचलंच नाही. लाल खिडकीतला आकडा लिहून ठेवायला सांगितलं होतं ते यासाठी. अंधारात त्या कोऱ्या टोकाचा दोन बोटं रुंद तुकडा कापायचा, तो एकटाच धुवायचा आणि वाळवून वर्तमानपत्रावर ठेवायचा. त्यातून मथळ्याची अक्षरं वाचता आली तर फॉग सोसण्याजोगा आहे, तोच वेळ मुख्य रोलला द्या. तुकडा कुळकुळीत निघाला तर वेळ कमी करा, बेंझोट्रायाझोल थोडं वाढवा आणि आणखी एक तुकडा कापा. या टप्प्यावर जो घाई करत नाही, त्यालाच पुढे काहीतरी मिळतं.

फोंड्याकडच्या एका घरातून आलेल्या क्लिक थ्रीचं सांगतो. काकी तो कापडात गुंडाळून घेऊन आल्या होत्या. “आमचे मामंजी असतील काय रे त्यात?” एवढंच त्यांनी विचारलं. खिडकीत आकडा होता ९. अंधारात रोल उलगडायला घेतला तर ओलीने काळा कागद फिल्मला ठिकठिकाणी चिकटलेला. अशा वेळी ओढायचं नसतं, ओढलं की जिलेटिनचा थर कागदाबरोबर येतो. कागदासकट फिल्म अंधारातच थंड पाण्यात सोडली आणि बोटांनी चाचपत राहिलो. हळूहळू कागद सैल झाला, कडेपासून आपसूक सुटला. मग ओली फिल्म स्टीलच्या रिळावर चढवली. हायपोतून निघाल्यावर उजेडात धरली तर बराचसा भाग करडा, एका कडेला बुरशीची जाळी, आणि त्यात राजांगणातलं तुळशी वृंदावन. त्याच्या उजवीकडे पांढऱ्या धोतरातला एक उंच माणूस. त्याच्या छातीवर आरशातल्यासारखा उलटा ७ उमटलेला होता. काळ्या कागदावरच्या आकड्याची शाई इतकी वर्षं फिल्मला टेकून राहिली की तिची छाप थरात उतरते. जुन्या मोठ्या रोलवर हे नेहमी दिसतं. चेहरा अर्धा होता. काकींनी हातांच्या ठेवणीवरून मामंजींना ओळखलं.

हायपोबद्दल दोन शब्द. उजेड न लागलेले चांदीचे क्षार विरघळवून काढण्याचं काम सोडियम थायोसल्फेट करतं. जॉन हर्शेलने त्याचा हा गुण १८१९ सालीच टिपला होता, फोटोग्राफीत तो १८३९ मध्ये आला, आणि आजही डार्करूममध्ये हे काम थायोसल्फेटच करतं. जुन्या फिल्मला ताजं हायपो वापरा. फिल्मचा दुधाळपणा जाऊन ती पारदर्शक व्हायला जितका वेळ लागेल त्याच्या दुप्पट वेळ तिला हायपोत ठेवा. मग भरपूर धुणं, पण धार थेट फिल्मवर सोडू नका. ओलं जिलेटिन नखानेही खरवडतं.

वाळवणं पावसाळ्यात जिकिरीचं होतं. हवेतच इतकी ओल असते की फिल्म तासन्‌तास ओली राहते आणि तोवर धूळ बसते. रिकाम्या कपाटात वरून चिमट्याने टांगा, खाली चिमट्याचंच वजन लावा, तळाशी छोटा बल्ब लावून ठेवा आणि दार लोटून घ्या. पंखा नको.

वाळलेली निगेटिव्ह बघून पुष्कळजण निराश होतात, कारण डोळ्यांना त्यात करडेपणापलीकडे काही दिसत नाही. तरी ती टाकू नका. डोळ्यांना न जाणवणारा घनतेचा बारीक फरक डिजिटल कॅमेऱ्याला कळतो. निगेटिव्ह एकसारख्या प्रकाशाच्या पांढऱ्या पॅनेलवर ठेवून, बाजूचा उजेड काळ्या पुठ्ठ्याने अडवून तिचा फोटो काढा, मग संगणकावर रंग उलटवून कॉन्ट्रास्ट ताणा. काहीच नाही असं वाटलेल्या पट्टीतून घाटाच्या पायऱ्या, सायकल, माणसांची रांग अशी वर येताना मी पाहिली आहेत. दाणेदार, डागाळलेली, पण ओळखू येणारी. इथे सॉफ्टवेअरला चेहरे ‘सुधारायला’ सांगू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ते नसलेला चेहरा बनवून देतं. घरच्यांना आजोबांच्या जागी कुणीतरी भलताच माणूस देणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

स्वतः धुणं जमणार नसेल तर मुंबई-बंगळुरूकडे फिल्म धुणाऱ्या लॅब आहेत. रोल नुसता पाठवून देऊ नका, आधी बोला. हा सापडलेला रोल आहे, वर्ष अंदाजे अमुक, ब्लॅक अँड व्हाइट धुवायचा, मशीनमध्ये न घालता हाताने धुवायचा, हे स्पष्ट सांगा. मशीनच्या रोलरमध्ये जुनी आक्रसलेली फिल्म अडकून फाटते. विमानाने स्वतः नेत असाल तर मोपाला किंवा दाबोळीला तपासणीच्या वेळी रोल हातात घेऊन डोळ्यांनी बघण्याची विनंती करा. साध्या एक्स-रेच्या एका फेरीने फार बिघडत नाही, नव्या प्रकारच्या सीटी यंत्राने मात्र बिघडतं.

रोल दुसऱ्या कुणाचा असेल तर टाकीत घालण्याआधी त्या घराला शक्यता नीट समजावून सांगा. काहीच निघणार नाही असंही होऊ शकतं, आणि निघालं तर ते त्यांचं आहे, आपल्याला आवडलं म्हणून लगेच जगाला दाखवायचं नाही.

निगेटिव्ह चार-पाच फोटोंच्या पट्ट्यांत कापून पॉलिप्रॉपिलिनच्या किंवा आम्लरहित कागदाच्या पाकिटात घाला. पीव्हीसीची पाकिटं चिकटतात. पाकिटं हवाबंद डब्यात ठेवा आणि त्यातलं सिलिका जेल दर पावसाळ्याआधी बदला. स्कॅन केलेल्या फोटोंचे मोठे प्रिंट काढून आधी घरातल्या आणि वाड्यावरच्या सगळ्यात वयस्कर माणसाकडे न्या. कोण, कुठे, कुठल्या साली, शेजारी कोण उभं आहे, हे ते सांगतील तसं पाकिटावर पेन्सिलने लिहून घ्या. शाईने लिहू नका, दमटात ती पसरते.